सावलीची संक्रांत

सहस्, दिवस १० (शनिवार, १ नोव्हेंबर)

आज अंगणात शंकू उभा केला. ज्याच्या सावलीवरून सूर्याची चाल मोजतात, त्या दांड्याला शंकू म्हणतात. माझा शंकू पाच फूट उंच असून तो मुरुड स्टँडवरच्या मोडीत निघालेल्या 'विनंती थांबा' पाटीचा लोखंडी पाइप आहे. ओळंबा लावून सरळ केला, बुडाशी सिमेंट भरलं, भोवतालची जमीन सारवून घेतली. (सारवण कमळने केलं.)

ही वही मी आजपासून सुरू करतो आहे, म्हणून कारण लिहून ठेवतो. चौतीस वर्षं एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. मे अखेरीस निवृत्त झालो. जूनमध्ये अलिबागला एक पुस्तिका हाती लागली. तीत सिद्ध केलं आहे की सूर्य दक्षिणेकडून उत्तरेकडे वळतो तो बावीस डिसेंबरच्या सुमारास, आणि आपण संक्रांत करतो चौदा जानेवारीला. म्हणजे तेवीस दिवस उशिरा! एखादी गाडी तेवीस मिनिटं उशिरा सुटली तर मी ड्रायव्हरकडून लेखी घेत असे. इथे सूर्यनारायणाचा सण शेकडो वर्षं लेट चालला आहे आणि कुणी साधी चौकशी केलेली नाही.

देव रोज डोळ्यांसमोर उगवतो, आणि तो कुठे पोहोचला हे आपण भिंतीवरच्या कॅलेंडरला विचारतो. ही श्रद्धा म्हणायची का? मी संकल्प सोडला आहे: यापुढे या घरातलं प्रत्येक धर्मकृत्य सूर्य सावलीने दाखवील त्याच दिवशी होईल. महिन्यांची नावंही पुस्तिकेतली वेदकाळची वापरणार. सध्या सहस् चालू आहे, त्यानंतर सहस्य, मग तपस्.

कमळला सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "बरं." मग थोड्या वेळाने म्हणाली, "त्या पाइपला दोरी बांधली तर चालेल का? माडाला बांधलेली सैल पडते."

नाही म्हणालो.

सहस्, दिवस १४ (बुधवार, ५ नोव्हेंबर)

माध्यान्ह १२ वाजून २२ मिनिटांनी. सावली तीन फूट चार इंच.

एक गोष्ट लिहावी की नाही, विचार केला. सूर्याला अर्घ्य दिलं आणि सावलीच्या टोकाशी चुन्याची खूण करायला उकिडवा बसलो. पाहता पाहता सावली खुणेवरून सरकली. फार नाही, तांदळाच्या दाण्याएवढी. चौतीस वर्षं मी वेळेवर नजर ठेवून होतो, पण दिवस सरकताना आज पहिल्यांदा दिसला. डोळ्यांत पाणी आलं. उन्हाकडे पाहिल्यामुळेही असेल.

सहस्य, दिवस २ (रविवार, २३ नोव्हेंबर)

निकेतला फोन केला. निकेत आमचा मुलगा, पनवेलला एका कंटेनर यार्डात आहे. सून रुचिका, आणि आठ महिन्यांची नात दिशा. दिशाची ही पहिली संक्रांत, म्हणजे तिचं बोरन्हाण व्हायचं. बाळाला हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवायचं आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, तिळाच्या रेवड्या ओतायच्या. वाडीतली पोरं त्या वेचायला तुटून पडतात. मी त्याला तारीख कळवली: सोमवार, बावीस डिसेंबर.

तो म्हणाला, "बाबा, सोमवारी कसं जमणार? आमची वर्षअखेर असते. आदल्या दिवशी रविवार आहे, एकवीसला करूया."

मी म्हणालो, "सूर्य एकवीसला रात्री आठ तेहतीसला वळतो. तोपर्यंत तो मावळलेला असतो. त्याचा पहिला दिवस सोमवार."

"मग चौदा जानेवारीला. मी चार दिवसांची रजा टाकून ठेवलीय."

"चौदाला या घरात संक्रांत होणार नाही."

तो म्हणाला, "बाबा, तुम्हाला नात हवीय की सावली?"

मी शांतपणे सांगितलं, "ज्यांना वेळेवर यायचंय त्यांनी यावं. बाकीच्यांनी येऊ नये."

एवढ्यात फोन कट झाला. आमच्याकडे रेंजची अडचण आहे. काशीदच्या पुढे आलं की असंच.

कमळ तिचा फोन घेऊन मागच्या फणसाखाली गेली आणि पाऊण तास बोलत होती. तिथे रेंज चांगली असावी.

सहस्य, दिवस १० (सोमवार, १ डिसेंबर)

सावली चार फूट पावणेतीन इंच.

चळवळीला पहिला माणूस मिळाला. बाबाजी, माझ्याच काळातले कंडक्टर, पलीकडच्या आळीत राहतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. एकच शंका विचारली.

"म्हंजे तुमच्याकडं तिळगूळ बावीसला?"

"बावीसला."

"आन आमच्याकडं चौदाला हायेच."

"ती चुकीची आहे, बाबाजी."

"व्हय व्हय. चुकीचीच हाय. पन दोन्ही खायला हरकत न्हाय ना?"

मुद्दा त्यांना पुरता कळला आहे असं नाही. पण सुरुवातीला संख्या महत्त्वाची.

सहस्य, दिवस १५ (शनिवार, ६ डिसेंबर)

आज गंभीर प्रकार निदर्शनास आला. मुरुडहून परत येतो तर शंकूपासून आवडाबाईंच्या कुडापर्यंत दोरी ताणलेली आणि तिच्यावर शे-दीडशे बोंबील वाळत घातलेले. आवडाबाई शेजारी राहतात, मासळी विकतात. मी जाब विचारला.

"अवो भाऊ, खांब मोकलाच हाय, म्हून बांधली. ऊन इथंच चांगलं येतंय."

"आवडाबाई, हा देवाचा खांब आहे."

"मंग देवाचंच ऊन खात्यात बोंबील. त्याला काय व्हतंय?"

दोरी काढायला लावली. ओळंबा लावून पाहिलं तर शंकू कुडाच्या बाजूला बोटभर कलला होता. दोरी कधीपासून बांधत होत्या हे त्या नीट सांगेनात. कमळला विचारलं, तिलाही आठवेना. मागच्या किती नोंदी बाद धरायच्या? शेवटी तीन दिवसांच्या खोडल्या. मनात शंका राहिली, ती इथे लिहून ठेवतो.

(रात्रीच्या जेवणात सुक्या बोंबलाची चटणी होती. खाल्ली.)

सहस्य, दिवस १९ (बुधवार, १० डिसेंबर)

माध्यान्ह आज १२ वाजून ३१ मिनिटांनी. नोव्हेंबरात ती १२.२२ ला होत होती. महिन्याभरात घड्याळ नऊ मिनिटं चुकलं. मुरुडला घड्याळवाल्याकडे नेलं. त्याने उघडून पाहिलं आणि काही बिघाड नाही म्हणाला. मोबाइलशी जुळवलं, तर मोबाइलही तेवढाच चुकतो आहे. सूर्य चुकणं शक्य नाही. म्हणजे सर्वत्र गलथान कारभार आहे. या घड्याळांवर मी चौतीस वर्षं गाड्या सोडल्या!

पुस्तिकेत शेवटच्या पानांवर सूर्याची चाल वर्षभर सारखी नसते असं काहीसं आहे. पण ते प्रकरण बारीक टायपात आहे.

सहस्य, दिवस २३ (रविवार, १४ डिसेंबर)

कमळने हलवा करायला घेतला आहे. निखाऱ्यावर परात, परातीत तीळ, त्यावर चमचा चमचा पाक सोडायचा आणि हाताने फिरवत राहायचं. तीळ हळूहळू फुगतो आणि त्याला काटे येतात. तिने मनावर घेतलेलं पाहून बरं वाटलं. माझ्या संक्रांतीला तिचा मनातून पाठिंबा आहे.

"बावीसपर्यंत होईल ना?"

"काटा येत नाहीये अजून. बघू."

"आठ दिवस आहेत."

"हलव्याला घाई चालत नाही," ती म्हणाली.

तिने काळं कापडही आणलं आहे, हातभर. शिवणयंत्रावर बसली होती. छत्रीला ठिगळ लावत असावी. छत्री जूनपासून फाटकी आहे.

सहस्य, दिवस २८ (शुक्रवार, १९ डिसेंबर)

सावली चार फूट पावणेसहा इंच. काल तेवढीच. परवाही तेवढीच.

माझी कल्पना होती की सूर्य वळेल तो दिवस सावली स्पष्ट दाखवील. गाडी स्टँडात शिरते, वळते, बाहेर पडते, ते दिसतं. इथे तर गाडी उभीच आहे. तीन दिवस खूण खुणेवर पडते आहे. चुन्याचं बोट जाड पडतं म्हणून सुईने रेघ ओढली. तरी तेच.

मग बावीस तारीख मी सावलीवरून ठरवली की पुस्तिकेवरून? आणि पुस्तिकेवरून ठरवायची तर भिंतीवरच्या कॅलेंडरने काय घोडं मारलं होतं? दुपारभर याचा विचार केला. पण जाहीर केलेली वेळ आयत्या वेळी बदलली तर प्रवाशांचा विश्वास उडतो. बावीस कायम.

तपस्, दिवस १ (सोमवार, २२ डिसेंबर)

उत्तरायण. पहाटे उठून आंघोळ, सूर्याच्या बारा नावांनी बारा नमस्कार. दहावा जरा कठीण गेला. माध्यान्ह १२ वाजून ३६ मिनिटांनी. सावली: चार फूट पावणेसहा इंच.

शंकूभोवती रांगोळी काढली. शेजारी पाट मांडून ठेवला. निकेतने फोन कट झाल्यापासून पुन्हा केलेला नाही, पण ऐन वेळी रजा मिळून माणसं येतात, असं मी डेपोत अनेकदा पाहिलं आहे. साडेदहाची आणि साडेअकराची, दोन्ही गाड्या वाडीच्या थांब्यावर थांबल्या. पहिलीतून एक बाई कोंबडी घेऊन उतरली. दुसरीतून कुणी नाही.

उपस्थिती: मी, कमळ, बाबाजी. बाबाजींनी पाच लाडू खाल्ले आणि चळवळ वाढली पाहिजे असं बोलून दाखवलं. आवडाबाई कुडावरून म्हणाल्या, "आज कसली वो संक्रांत?" पण तिळगूळ घेतला. लाडू मोजकेच होते. कमळने तीळ-गूळ खूप आणलेले मला माहीत आहे, पण ती म्हणाली बाकीचा डबा नंतर लागेल.

हलव्याला काटा आलेला नाही.

सगळे गेल्यावर पाट उचलायला कमळ आली. पाट हातात धरून उभी राहिली आणि म्हणाली, "निकेतच्या बोरन्हाणाला तुम्ही नव्हता."

मी म्हणालो, "नसेन. संक्रांतीला जादा गाड्या असतात."

"दुपारी बाराला येतो म्हणाला होतात. मी त्याला अडीचपर्यंत पाटावर बसवून ठेवलं. मग झोपला तो. झोपल्यावरच बोरं घातली. कुणी हसलं पण नाही, उठेल म्हणून."

मी तिला सांगितलं की त्या वर्षी दोन ड्रायव्हर गैरहजर होते. मला अजून त्यांची नावं आठवतात.

"मी विचारलं नाही," ती म्हणाली, आणि पाट आत घेऊन गेली.

हा मुद्दा आजच्या विषयाला सोडून होता. तरी नोंद केली.

तपस्, दिवस १२ (शुक्रवार, २ जानेवारी)

सावली चार फूट पावणेपाच इंच. पूर्ण एक इंच कमी!

चार-पाच दिवसांपासून संशय होता, आज खात्री झाली. सूर्य परतला आहे. मी अंगणात एकटाच होतो, तरी मोठ्याने "परतला!" म्हणालो. कमळ स्वयंपाकघरातून "कोण?" म्हणत बाहेर धावली. सूर्य म्हटल्यावर पुन्हा आत गेली.

पण नेमका कधी परतला ते मला दिसलं नाही. रोज समोर बसून होतो. वळणाच्या दिवशी काही कळत नाही, दहा-बारा दिवसांनी मागे वळून पाहावं तेव्हा समजतं. पुस्तिकेत हे कुठेही दिलेलं नाही.

जेवताना कमळ म्हणाली, दिशाला खालचे दोन दात आलेत.

"तुला कुणी सांगितलं?"

"रुचिका सांगते की रोज."

मला कुणी कळवलं नाही. दोन दात म्हणजे काही लहान गोष्ट नाही. निकेतशी बोलून चाळीस दिवस झाले. मी फोन करू शकतो, पण कट झालेला फोन कुणी लावायचा याचा काही नियम असेलच.

कमळ पुढे सहज म्हणाली, "बोरन्हाण काय, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही चालतं. आमच्याकडे तसंच करतात."

अशा सवलतींनीच शिस्त बिघडते, असं मी म्हणालो. तिने वाद घातला नाही.

तपस्, दिवस २२ (सोमवार, १२ जानेवारी)

कमळ सकाळी बोर्ली पंचतनला गेली. तिथे तिची थोरली बहीण सोनाबाई असते. सोनाबाईंचा गुडघा धरला आहे, उठता-बसता येत नाही, म्हणून तीन दिवस मदतीला. जाताना तिळगुळाचा मोठा डबा, मागच्या बोरीची दोन पिशव्या बोरं, पाच शेर चुरमुरे आणि एक जड बोचकं एवढं घेऊन गेली. दुखणाईताला हे सगळं पचेल का, विचारलं. "ताईला आवडतं," म्हणाली.

एक गोष्ट समाधानाने नोंदवतो. चौदा तारखेचं तिने नावही काढलं नाही. तीस वर्षांच्या सवयी सावलीने अडीच महिन्यांत मोडल्या.

थांब्यावर गाडीत चढताना म्हणाली, "घरी एकटे कंटाळलात तर या तिकडे."

मी कशाला कंटाळतोय.

मंगळवार, १३ जानेवारी (तपस्, दिवस २३)

सावली मोजली. अर्घ्य दिलं. डब्यात कमळने तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या करून ठेवलेल्या निघाल्या. म्हणजे भोगीच्या. आपण भोगी पाळत नाही हे ती विसरली. दोन खाल्ल्या.

घरात आवाज नाही. बाबाजींकडे गेलो तर ते उद्याच्या तयारीत, नातवंडांच्या पतंगांना शेपट्या लावत बसलेले. मी म्हणालो, "बाबाजी, तुम्ही बावीसवाले ना?"

"व्हय तर. पन घरची मंडली चौदावाली हायेत. त्यांना सोरून कुटं जाऊ?"

परत येऊन संध्याकाळी पुन्हा सावली मोजली. तिचा काही उपयोग नसतो, संध्याकाळची सावली कुठेही जाते.

गुरुवार, १५ जानेवारी

कालची नोंद आज बोर्लीला बसून लिहितो आहे.

काल सकाळी बरोबर आठला आवडाबाई दारात. हात पदराला पुसत म्हणाल्या, "भाऊ, बोरलीला गेला न्हाय?"

"कशाला?"

"कशाला म्हंजे? तुमच्या नातीचं बोरन्हान हाय आज, सोनाबायच्या घरी. निकेत आन सून कालच आलेत. वैनीनं मला सांगून ठेवलंय, आठला जाऊन सांग म्हून..." एवढं बोलून त्या थबकल्या. "म्हंजे, माझ्याच ध्यानात आलं आपलं."

आवडाबाई भोळ्या आहेत. फितुरी केल्यावर माणूस असाच अडखळतो. माझ्या पाठीमागे केवढं कारस्थान शिजलं होतं, आणि त्यांच्या तोंडून ते फुटलं.

मी ठरवलं की अचानक तपासणीला जायचं. एसटीत असताना तपासणी पथक कुठल्या थांब्यावर चढेल हे कधी कुणाला कळू देत नसू. साडेआठची गाडी पकडून मुरुड, तिथून आगरदांडा. जेट्टीवरून दिघीला जाणाऱ्या बोटीत कठड्याला धरून उभा राहिलो आणि निवेदनाचे तीन मुद्दे मनात तयार केले. एक, मला न विचारता कार्यक्रम ठरवला. दोन, शास्त्राने चुकीच्या दिवशी ठरवला. तीन, गुडघ्याबद्दल खोटं सांगितलं. आवाज चढवायचा नाही. पहिले दोन मुद्दे झाल्यावर थांबून सगळ्यांकडे एकदा पाहायचं.

बोट लागायला उशीर झाला. दिघीला रिक्षा भरेपर्यंत आणखी वेळ गेला. बाजारातून सोनाबाईंच्या दारात पोहोचलो तेव्हा एक वाजत आला होता. मला वाटलं, संपलं असणार सगळं.

ओटीवर आळीतली पंधरा-वीस पोरं चुळबुळत बसली होती. सोनाबाई, त्यांचा गुडघा चमत्कार झाल्यासारखा बरा झालेला, खाली वाकून पोरांना मागे सारत होत्या. "बसा रे, जरा दम धरा! अजून किती बसवून ठेवायचं ग यांना, कमळ?" आणि कमळ दाराकडे बघत म्हणाली, "झालं. आले."

मला पाहून तिच्या तोंडावर जराही भीती नव्हती. तपासणीत पकडलेल्या माणसात असा धीर मी फार कमी वेळा पाहिला आहे.

"शर्ट बदला आधी," ती म्हणाली. "घामाने चिंब झालाय." आणि त्या बोचक्यातून माझा इस्त्रीचा पांढरा शर्ट काढून दिला. तो तिकडे कसा गेला, हे विचारायचं राहून गेलं.

मग मी आत पाहिलं. पाटावर दिशा बसली होती. काळं झबलं, त्यावर हलव्याचा हार, हलव्याचा मुकुट एका कानावर घसरलेला. काटे भरपूर आले होते. ती हारातला एकेक दाणा ओढून बघत होती. मागे रुचिका तिला धरून, आणि बाजूला निकेत उभा. तो मला पाहून सरळ झाला. शाळेत असताना प्रगतिपुस्तक दाखवायला असाच उभा राहायचा.

"बाबा," तो म्हणाला, "आम्ही थांबलो होतो."

माझे तीन मुद्दे तयार होते. पहिल्याला सुरुवात करायला तोंड उघडलं आणि म्हणालो, "बोरं धुतलीत का नीट?"

"धुतलीत," रुचिका म्हणाली. "दोनदा."

कमळने बोरा-चुरमुऱ्यांचं पातेलं माझ्या हातात दिलं. आधी बायका ओतत असतात असं मी म्हणालो. कुणी लक्ष दिलं नाही. ओतलं. पोरं तुटून पडली. एवढा गलका झाला की दिशा आधी दचकली, ओठ काढला, आणि मग तिच्या डोक्यावरून एक बोर टपकन मांडीत पडलं. तिने ते उचललं आणि तोंडात घातलं.

मी पातेलं टाकून खाली बसलो आणि तिच्या तोंडात बोट घातलं. बोर निघालं, पण बोट निघेना. ते दोन दात तिने माझ्या बोटात रोवले होते. "आं" म्हणून ओरडलो, तर ती मोठ्याने हसली, आणि ती हसली म्हणून निकेत हसायला लागला. थांबेना. भिंतीला हात टेकून हसत होता. बारा-तेरा वर्षांचा असल्यापासून तो माझ्यासमोर असा हसल्याचं मला आठवत नाही. शेवटी डोळे पुसत माझ्या शेजारी जमिनीवर बसला आणि माझं बोट हातात घेऊन बघू लागला.

"रक्त नाही आलं," म्हणाला.

त्या वेळी किती वाजले होते याची नोंद नाही.

जेवणावळ मोठी होती. मी अनपेक्षित पाहुणा असूनही पान मांडलेलं होतं, शिवाय सगळ्यांना गूळपोळी आणि मला एकट्याला तांदळाची भाकरी, कारण गूळपोळीने माझ्या छातीत जळजळतं. योगायोगाने दुसऱ्या कुणाचं तरी पथ्य माझ्यासारखंच असावं. जेवताना कमळ समोरून वाढत होती. मी हळूच म्हणालो, "त्या वर्षी खरंच दोन ड्रायव्हर गैरहजर होते."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि भाकरीवर तूप वाढलं. नेहमीपेक्षा थोडं जास्त.

शनिवार, १७ जानेवारी

काल घरी परतलो. मोहिमेचा आढावा घेतो.

अचानक तपासणी पूर्ण यशस्वी झाली. कुणालाही आधी पत्ता लागला नाही. निवेदन करता आलं नाही, पण नुसत्या हजेरीचा परिणाम झाला, कारण निघताना रुचिका स्वतःहून म्हणाली, "बाबा, पुढच्या वर्षी आपण बावीसलाही करू आणि चौदालाही करू. दोन्ही." म्हणजे सून आणि मुलगा दोघेही आमच्या बाजूला आले. बाबाजींना धरून तीन. दिशाला धरून चार.

आणखी एक प्रश्न उभा राहिला आहे. रुचिकाची रजा संपली, ती सोमवारपासून कामावर जाणार. दिशाला सांभाळायला ठेवलेली बाई महिनाभर गावी गेली आहे. निकेत जेट्टीवर सोडायला आला होता. समुद्राकडे बघत म्हणाला, "बाबा, महिनाभर याल का दोघं? म्हणजे आईला एकटीला पोर आवरायची नाही. तुम्ही असलात तर..." बोट आली.

मी लगेच हो म्हणालो नाही. महिनाभर सावलीच्या नोंदी खंडित होतील. पनवेलला पाचव्या मजल्यावर त्यांच्या गॅलरीत ऊन येतं की नाही, ठाऊक नाही. आवडाबाईंना खुणा करायला शिकवावं लागेल, आणि त्या दोरी बांधतील. असे निर्णय घाईने घ्यायचे नसतात. विचार करून कळवतो, असं त्याला सांगितलं.

आज दिवसभर विचार केला आणि संध्याकाळी निर्णय घेतला: जायचं. कमळला सांगायला आत गेलो तर खाटेवर माझी बॅग भरून ठेवलेली. वर माझा चष्मा, औषधं आणि एक लाकडी खुळखुळा. विचारलं, तर म्हणाली की कपाट झाडायला घेतलं होतं, सामान तात्पुरतं त्यात ठेवलं.

मी तिला निर्णय सांगितला. तिने फार आश्चर्य दाखवलं.

उद्या सकाळी साडेसहाची पनवेल गाडी आहे. थांब्यावर लवकर जाऊन उभं राहावं लागेल, हे मीच तिला बजावलं. पुढचं आखून ठेवणं कमळच्या स्वभावात नाही, ते सगळं मलाच बघावं लागतं.